लाल कोटातला लॉन्ग वीकेंड

शुक्रवार, दुपारचे साडेतीन. पुढे लॉन्ग वीकेंड. ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या स्क्रीनवर एक्सेल शीट आणि तिच्या मागे लपवलेली हॉटेल बुकिंगची विंडो. कॅलगरीत नोकरी करणाऱ्या माणसाला सलग तीन दिवस सुट्टी मिळाली की तो बॅन्फला जातो, हा इथला अलिखित नियम. आपला पुणेकर लोणावळ्याला जातो ना, तसंच. फक्त इथे कणसाऐवजी हिमनद्या. आम्हीही तोच प्लॅन केला होता, पण नेहमीप्रमाणे उशिरा. एका रात्रीचं भाडं वाचलं आणि मी गुपचूप लॅपटॉप मिटला.

खरं सांगायचं तर माझं डोकं सुट्टीत नव्हतंच. वर्क परमिटची मुदत संपत आली होती. वाढवून मिळावी म्हणून अर्ज टाकला होता आणि दर अर्ध्या तासाने मी मोबाइलवर स्टेटस बघत होतो. जे कधी ऑनसाइट आलेत त्यांना हे दुखणं माहीत आहे. एक कागद. तो आला तर तुम्ही इथले, नाही आला तर बॅगा भरा!

'दक्षिणेला जाऊ की बे,' माझा फ्लॅटमेट म्हणाला. हा सोलापूरचा. त्याच्या 'बे'मध्ये सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. 'किल्ला आहे म्हणे एक. पोलिसांचा.'

पोलिसांचा किल्ला? पोलिसांची चौकी असते, ठाणं असतं, फार तर लाइन असते. किल्ला महाराजांचा असतो. पण शनिवारी सकाळी थर्मासमध्ये चहा, डब्यात शेंगाची चटणी आणि पोळ्या घेऊन आम्ही निघालोच.

हायवे नंबर २ कॅलगरीतून सरळ दक्षिणेला सुटतो. उजवीकडे लांबवर रॉकीजची निळी रेघ, डावीकडे क्षितिजापर्यंत पिवळं पडत चाललेलं गवत. १६५ किलोमीटर, पावणेदोन तास. गाव जवळ आलं हे पाटी वाचून नाही, वाऱ्यावरून कळतं. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने ते माझ्या हातातून हिसकावूनच घेतलं. फोर्ट मॅक्लाउड. वस्ती जेमतेम तीन हजार. गायिका जोनी मिचेल इथे १९४३ साली जन्मली, 'ब्रोकबॅक माउंटन'च्या शूटिंगसाठी हॉलिवूडवाले इथे आले, मेन स्ट्रीटवर १९१२ सालचं एम्प्रेस थिएटर आहे. आणि गावात एक लाकडी किल्ला.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कातळ, बुरूज, दमछाक, वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. इथे सपाट जमिनीवर ओंडके उभे रोवून केलेलं कुंपण, कोपऱ्यावर लाकडी बुरुजासारखी चौकी आणि मध्ये मैदान. मी मनातल्या मनात हसलो. सिंहगड दहा वेळा चढलेल्या माणसाचा माज असतोच थोडा. शिवाय हा मूळ किल्लाही नव्हे. मूळ किल्ला ओल्डमन नदीतल्या बेटावर होता. नदी त्याला सारखी त्रास द्यायची, म्हणून १८८४ साली पोलिसांनी मुक्काम हलवला. आज आपण बघतो ती १९५७ पासूनची संग्रहालयाची प्रतिकृती.

पण आत गेलो आणि माज उतरला.

गोष्ट अशी. १८७० साली कॅनडाने हडसन्स बे कंपनीकडून अफाट मोठा पश्चिम भाग ताब्यात घेतला. ही कंपनी म्हणजे आपल्या ईस्ट इंडिया कंपनीची चुलतबहीण शोभावी अशी. मुलूख कागदावर मिळाला, पण तिथे सरकार नावाची चीज नव्हती. अमेरिकेच्या बाजूने व्यापारी यायचे आणि ब्लॅकफूट लोकांकडून बायसनची कातडी घेऊन बदल्यात व्हिस्की द्यायचे. व्हिस्की कसली, स्पिरिटमध्ये तंबाखू, मिरची, काकवी असलं काहीबाही घातलेलं विष. १८६९-७० मध्ये देवीच्या साथीने हे लोक आधीच खचले होते, त्यात ही दारू. या धंद्याच्या अड्ड्याचं नाव होतं 'फोर्ट हूप-अप'.

पंतप्रधान जॉन मॅक्डोनल्ड यांनी मे १८७३ मध्ये कायदा करून घोडेस्वार पोलिसांचं दल उभं करायचं ठरवलं. नाव नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस. पुढच्याच महिन्यात सायप्रस हिल्समध्ये अमेरिकेकडून आलेल्या लांडगे मारणाऱ्या टोळीने आणि दारूवाल्यांनी नाकोडा लोकांच्या वस्तीवर गोळ्या झाडल्या. बायका-मुलंही सुटली नाहीत. ती बातमी पूर्वेला पोचली आणि भरतीला वेग आला. कोट मुद्दाम लाल ठेवला, कारण सीमेपलीकडच्या अमेरिकन घोडदळाचा कोट निळा होता. लांबूनच कळावं, हे ते नव्हेत.

पुढचा भाग प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरने वाचावा असा आहे. ८ जुलै १८७४ रोजी मॅनिटोबातून सुमारे २७५ जण निघाले. घोडे, बैल, तोफा, गवत कापायची यंत्रंसुद्धा बरोबर. बहुतेक पोरं पंचविशीच्या आतबाहेरची, काहींनी त्याआधी घोडाही धड चालवला नव्हता. घोडे पूर्वेकडचे, दाणा-वैरणीला सोकावलेले. माळावरचं वाळकं गवत आणि गढूळ पाणी त्यांना मानवलं नाही. रस्त्यात घोडे पडत गेले, माणसं पायी चालायला लागली. नकाशात जिथे दारूचा अड्डा दाखवला होता तिथे पोचले, तर काही नाही. दोन-चार मोडक्या खोपटी. अड्डा तिथून शंभरेक किलोमीटर लांब. म्हणजे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच चुकीचं!

शेवटी नेहमी होतं तेच झालं. लोकल माणूस लागला. जेरी पॉट्स त्याचं नाव. बाप स्कॉटिश व्यापारी, आई काइनाय, म्हणजे ब्लॅकफूट संघातल्याच जमातीची. सहायक कमिशनर जेम्स मॅक्लाउडनी त्याला मोंटानातल्या फोर्ट बेंटनमध्ये गाठलं. पॉट्स अत्यंत कमी बोलायचा. त्याची एक गोष्ट सगळे सांगतात. दमलेल्या कुणीतरी विचारलं, 'या टेकडीपलीकडे काय आहे?' पॉट्स म्हणाला, 'दुसरी टेकडी.' असा माणूस आपल्या स्टेटस कॉलवर हवा. १८९६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे २२ वर्षं, तो या पोलिसांना वाट दाखवत राहिला.

त्याने त्यांना ९ ऑक्टोबरला हूप-अपच्या दारात नेऊन उभं केलं. तोफा रोखल्या. मॅक्लाउडनी दार वाजवलं. आतल्या म्हाताऱ्याने त्यांना आत बोलावून जेवायला बसवलं. दारू केव्हाच पसार झाली होती! मग थंडी यायच्या आत छप्पर हवं म्हणून त्यांनी नदीच्या बेटावर किल्ला बांधला. त्यातही क्रम काय, तर आधी घोड्यांचा तबेला, मग शिपायांच्या खोल्या, साहेब लोकांचं घर सगळ्यात शेवटी. हे ऐकून मी आणि सोलापूरकराने एकमेकांकडे बघितलं. आमच्या ऑफिसात आधी केबिन बांधतात.

पगाराचंही ऐका. शिपायाला दिवसाला ७५ सेंट, वरच्याला एक डॉलर, आणि तीन वर्षं नीट नोकरी केली तर १६० एकर जमीन. पण पहिल्या हिवाळ्यात पगारच पोचला नाही. फाटके कपडे, उणे तापमान, खिशात दमडी नाही. काही जण पळूनही गेले. १८७५ च्या मार्चमध्ये मॅक्लाउड स्वतः पॉट्सला घेऊन बर्फाच्या वादळातून सीमेपलीकडे हेलेनापर्यंत घोड्यावर गेले आणि पोरांचा पगार आणला. त्याच वर्षी त्यांच्या एका तुकडीने उत्तरेला बो नदीच्या काठी आणखी एक चौकी उभी केली. मॅक्लाउडनी तिला स्कॉटलंडमधल्या एका ठिकाणाचं नाव सुचवलं. कॅलगरी. म्हणजे मी ज्या शहरात ईएमआय आणि इडली-पिठाची चिंता करत राहतो, ते शहरही मुळात पोलिसांची चौकीच!

बाहेर मैदानात लाल कोट आणि पांढरी हेल्मेट घातलेली कॉलेजची पोरंपोरी घोड्यांवरून कवायत करत होती. उन्हाळ्यात हा खेळ असतो, बघण्यासारखा. त्यातली एक मुलगी घोड्यावरून उतरल्यावर आमच्याशी बोलायला आली. इंडियाचे म्हटल्यावर तिने बलतेज सिंग धिल्लों यांचं नाव घेतलं. या दलात पगडी घालून काम करायला परवानगी मिळावी म्हणून ते ठाम राहिले. विरोधात लाखोंच्या सह्या गोळा झाल्या होत्या, तरी १९९० साली सरकारने परवानगी दिली. आपली कॉलर उगाचच ताठ झाली. मी दुकानातला लाल कोट अंगावर चढवला, छाती काढून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आईचा लगेच मेसेज, 'पोलिसात लागलास की काय? परमिटचं काय झालं?'

मी परत स्टेटस बघितलं. काही नाही.

इथवर गोष्ट छान आहे. वाईट दारूवाले, चांगले पोलिस, कमी बोलणारा वाटाड्या. सिनेमा तयार. आम्ही तेवढ्यावर खूश होऊन परत निघालो असतो. पण सोलापूरकराने नकाशात बघितलं की १८ किलोमीटरवर 'हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप' नावाची जागा आहे. नाव ऐकूनच गाडी वळवली.

हा एक कडा. सुमारे सहा हजार वर्षं इथले लोक बायसनचे कळप हाकत आणून या कड्यावरून लोटायचे आणि मग सगळी वस्ती हिवाळ्याची बेगमी करायची. युनेस्कोने १९८१ साली त्याला जागतिक वारसा ठरवलं. तिथले बरेचसे गाइड ब्लॅकफूट आहेत. आमचा गाइड साठीतला, दोन वेण्या, डोळ्यांवर गॉगल, बोलण्यात मिश्कील. आमच्या हातातली पिशवी बघून म्हणाला, 'किल्ला बघून आलात वाटतं.'

'हो, मस्त आहे,' मी म्हटलं.

'आहे,' तो म्हणाला. 'माझ्या पणजोबांच्या वेळेला रिझर्व्हच्या बाहेर पाऊल टाकायचं तर सरकारी एजंटच्या सहीचा कागद लागायचा. कुठे चाललास, कशाला, किती दिवस. कागद नसला की तो लाल कोटवाला धरून परत आणून सोडायचा.'

मी पिशवी पाठीमागे घेतली. का, ते माझं मलाच कळलं नाही.

मग त्याने उरलेली गोष्ट सांगितली. चिडून नाही, अगदी रोजचं सांगावं तशी. पोलिस आले तेव्हा दारूचा धंदा खरंच मोडला आणि त्याचं बरं वाटलेले सरदार होते. मॅक्लाउडवर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासावरच २२ सप्टेंबर १८७७ रोजी ब्लॅकफूट क्रॉसिंगला सातव्या क्रमांकाचा करार झाला. क्रोफूट, रेड क्रो असे मोठे सरदार एका बाजूला, मॅक्लाउड आणि गव्हर्नर डेव्हिड लेअर्ड दुसऱ्या बाजूला. सरकारच्या हिशेबात सुमारे १,३०,००० चौरस किलोमीटर मुलूख सुटला. महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा कमी. बदल्यात पाच माणसांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन आणि माणशी वर्षाला पाच डॉलर. ब्लॅकफूट लोक आजही म्हणतात, आमच्या वाडवडिलांनी तह केला तो शांततेचा, जमीन विकली नाही. ते पाच डॉलर आजही मिळतात. तेवढेच. वाढ शून्य. वाटपाला लाल कोटातला पोलिस शेजारी उभा असतो.

दोन वर्षांत, १८७९ च्या सुमारास, कॅनडाच्या माळावरून बायसन संपले. ज्या जनावरावर जेवण, कपडा, तंबू सगळं उभं होतं तेच गेलं. भूक आली, रेशनच्या रांगा आल्या. १८८५ साली उत्तरेकडे उठाव झाला आणि त्यानंतर हे पास सुरू झाले. गंमत म्हणजे, गंमत कसली, अशा पासचा कायदाच नव्हता. संसदेने तो कधी केलाच नाही. पोलिसांच्या वरिष्ठांनाही हे ठाऊक होतं. तरी कित्येक वर्षं तो चालला. मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घालायचं, तेही याच दलाच्या मदतीने. २००४ साली दलाचे कमिशनर ज्युलियानो झॅकार्डेली यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

परतीच्या रस्त्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही. क्लेअर्सहोम मागे गेल्यावर सोलापूरकर म्हणाला, 'आमच्याकडे सेटलमेंट म्हणून भाग आहे बे.'

'मग?'

'मग काय. लहानपणी मला वाटायचं हौसिंग सोसायटीचं नाव असेल. आजी म्हणायची, तिकडच्या पोरांबरोबर खेळू नको. का नको, ते कधी सांगायची नाही. मी पण विचारलं नाही.'

सेटलमेंट. त्याला कॉलेजात 'उचल्या' वाचल्यावर कळलं होतं. लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. १८७१ साली, म्हणजे लाल कोटवाले निघण्याच्या तीन वर्षं आधी, त्याच साम्राज्याने आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. आधी उत्तरेत, आणि १९११ च्या कायद्यानंतर देशभर कुठेही लावता येईल असा. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. मूल पाळण्यात, शिक्का कपाळावर. पोलिसांकडे नोंद, हजेरी, आणि गाव सोडायचं तर परवानगीचा कागद. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत केली. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी परत तारेच्या आत. तेच सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. माणसं 'विमुक्त' झाली. शिक्का मात्र आजीच्या तोंडात राहिला आणि तिथून नातवाच्या कानात आला.

'तिथली पोरं माझ्याच शाळेत होती,' तो म्हणाला. 'एकाचा डबा मी कधी खाल्ला नाही. तो माझा खायचा. मला वाटायचं, मी मोठ्या मनाचा.'

मी गाडी चालवत राहिलो. यावर काय बोलणार? माझ्याकडे सेटलमेंट नव्हती एवढंच. पण आमच्या सोसायटीत चोरी झाली तेव्हा वॉचमनने सगळ्यात आधी रस्त्यापलीकडच्या पालातल्या लोकांकडे बोट दाखवलं होतं आणि आम्ही गॅलरीतून बघत होतो. चहाचे कप हातात धरून. पोलिस दोघांना घेऊन गेले. चोर नंतर सोसायटीतलाच निघाला. ते दोघं कधी परत आले, आले की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. हे मला बारा वर्षांनी, अल्बर्टाच्या माळावर, ताशी ११० च्या वेगाने जाताना आठवलं.

त्या रात्री सोलापूरकराने घरी फोन लावला. वडिलांना शाळेतल्या त्या मित्राचा पत्ता विचारला. वडिलांना आधी कळेना, कुठला मित्र. कळल्यावर ते म्हणाले, 'आत्ता कशाला?' हा म्हणाला, 'असंच.' पत्ता अजून मिळालेला नाही. वडील शोधतायत. आजीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत.

मंगळवारी लंच टाइममध्ये माझ्या परमिटचा मेल आला. दोन वर्षं वाढवून मिळाली. मी प्रिंटआउट काढली, टीमला डोनट्स खिलवले, आईला फोटो पाठवला. परक्या देशात राहायचं तर कागद लागणार, त्यात काही गैर नाही. पण ती प्रिंटआउट फाइलमध्ये ठेवताना मला त्या वेणीवाल्या गाइडचे पणजोबा आठवले. आपल्याच माळावर, आपल्याच नदीकाठी, शेजारच्या गावी राहणाऱ्या बहिणीला भेटायला जायचं म्हणून रांगेत उभे राहिलेले.

लाल कोटातला फोटो मी काढून टाकलेला नाही. घरच्या ग्रुपवर मात्र त्याखाली गोष्टीचा उरलेला भागही लिहिला. काकांनी अंगठा दाखवला. मावशीने विचारलं, 'म्हणजे किल्ला चांगला नाही का?'

चांगला आहे मावशी. जरूर बघ. फक्त तिथून लगेच घरी परतू नकोस, पुढे अठरा किलोमीटर जा.

जायचं असेल तर : उन्हाळा उत्तम, घोड्यांची कवायतही तेव्हाच असते. निघण्याआधी संग्रहालयाच्या वेळा तपासून घ्या. टोपी नको, उडेल. जॅकेट ऑगस्टमध्येही हवं. सकाळी किल्ला आणि दुपारी बफेलो जंप असं एका दिवसात होतं. कॅलगरीतच वेळ काढायचा असेल तर बो आणि एल्बो नद्यांच्या संगमावर १८७५ च्या चौकीची मूळ जागा आहे. आधी तिला 'फोर्ट कॅलगरी' म्हणायचे. २०२४ साली नाव बदलून 'द कॉन्फ्लुएन्स' केलं. पोलिस येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्या संगमावर भेटत होते, म्हणून.